एका सैनिकाची दोन फुप्फुसं

२६ सप्टेंबर १९१८ रोजी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात, कॅम्प जॅक्सन नावाच्या लष्करी छावणीच्या इस्पितळात एकवीस वर्षांचा एक शिपाई वारला. जेमतेम आठवड्यापूर्वी तो ताप आणि खोकल्याने आजारी पडला होता. शवविच्छेदन करणाऱ्या लष्करी डॉक्टराने त्याच्या फुप्फुसांचे छोटे तुकडे काढले आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवले. पुढे ते मेणाच्या लहानशा ठोकळ्यांत बसवून वॉशिंग्टनच्या लष्करी संग्रहात गेले. तिथे ते जवळजवळ ऐंशी वर्षं पडून होते. कोणी मागितले नाहीत आणि कोणी टाकूनही दिले नाहीत.

१९९६च्या सुमारास ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. दोन्ही फुप्फुसं एकाच माणसाची, पण दोहोंतला आजार वेगवेगळ्या टप्प्यावर होता. डाव्या फुप्फुसात जीवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया पुरता पसरला होता. मृत्यू त्यानेच आला. उजव्या फुप्फुसात मात्र बारीक श्वासनलिकांना नुकती सूज येऊ लागली होती, म्हणजे तिथला आजार काही दिवस मागे होता. फ्लूचा विषाणू शरीरात फार दिवस टिकत नाही. डाव्या बाजूला त्याचा मागमूस राहिला नव्हता. उजव्या बाजूला तो सापडण्याची शक्यता होती, आणि तिथेच तो सापडला.

या तुकड्यांवरचा शोधनिबंध २१ मार्च १९९७च्या ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. जेफ्री टाउबेनबर्गर हे त्याचे पहिले लेखक. अ‍ॅन रीड, एमी क्राफ्ट आणि थॉमस फॅनिंग हे त्यांचे सहकारी. पुढच्या आठ वर्षांत याच गटाने १९१८च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना वाचून काढली. त्या कामाचा जगभर गाजावाजा झाला आणि तो योग्यच होता. पण याच टाउबेनबर्गर यांनी २००८ मध्ये आणखी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याची चर्चा कमी झाली. विषाणूचा माग उजव्या फुप्फुसात लागला होता; या दुसऱ्या निबंधाने डाव्या फुप्फुसाचा अर्थ लावला. आपल्या देशाच्या दृष्टीने तो पहिल्याइतकाच, किंबहुना पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. त्याकडे येण्याआधी १९१८ साली काय घडलं आणि तेव्हाच्या वैद्यकाला काय ठाऊक होतं, हे थोडं पाहावं लागेल.

जगभरात या साथीने सुमारे पाच कोटी माणसं नेली, असा आजचा सर्वमान्य अंदाज आहे. त्यांतली एक कोटी वीस लाख ते दोन कोटी एकट्या हिंदुस्थानातली होती. दुसऱ्या कोणत्याही देशात इतके मृत्यू झाले नाहीत. मुंबईत १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले आणि तिथून शहरात साथ सुरू झाली. उन्हाळ्याअखेरची ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती मात्र जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याच वर्षी पाऊस बेताचाच झाला होता, पिकं गेली होती आणि महायुद्धामुळे धान्य महाग झालं होतं. मुंबई इलाख्यात मिळून दहा लाखांहून अधिक माणसं दगावली. खेडोपाडी लोक या साथीला मानमोडी म्हणत. आजही काही घराण्यांच्या वंशावळीत त्या वर्षापाशी एकदम चार-पाच नावं तुटलेली दिसतात. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणना सुरू झाल्यापासून असं एकाच दशकात घडलं आहे.

हे सगळं कशामुळे होतंय, याचं उत्तर त्या वेळी कोणत्याही डॉक्टरकडे नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड फायफर यांनी १८९२ मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या घशात एक जीवाणू पाहिला होता आणि रोगाचं कारण तोच असल्याचं जाहीर केलं होतं. १९१८ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा त्या जीवाणूच्या मागे लागल्या. काही रुग्णांत तो मिळाला, काहींत मिळाला नाही. त्याच्यापासून तयार केलेल्या लशी टोचल्या गेल्या आणि त्यांनी साथ थांबली नाही.

उलगडा व्हायला सुरुवात झाली ती डुकरांपासून. १९१८च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या आयोवा राज्यात माणसांसोबत डुकरंही तशाच तापाने आजारी पडली होती. पुढे रिचर्ड शोप या तरुण डॉक्टराने या डुकरांच्या रोगाचा अभ्यास केला आणि १९३१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी आजारी डुकरांच्या श्वसनमार्गातला स्राव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यातून एकही जीवाणू पार होणार नाही. गाळलेला स्राव निरोगी डुकरांच्या नाकात घातला, तर त्यांना आजार झाला, पण हलका. त्याच स्रावासोबत फायफरच्या जीवाणूचा डुकरांतला भाऊबंद दिला, तेव्हा मात्र आजार तीव्र झाला आणि काही डुकरं मेली. याचा अर्थ गाळणीतून पार होणारं काहीतरी, म्हणजे विषाणू, आजाराची सुरुवात करत होता आणि जीवाणू तो जिवावर बेतवत होता. हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण वैद्यकाला पुन्हा त्यापाशी यायला पाऊणशे वर्षांहून जास्त काळ लागला.

दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेतल्या विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू शोधला. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी आहे. फ्लूच्या रुग्णाच्या गुळण्यांचं पाणी गाळून त्यांनी ते फेरेटच्या नाकात सोडलं, आणि फेरेटला सर्दी-ताप आला. पुढे असंही आढळलं की १९१८च्या साथीतून गेलेल्या प्रौढांच्या रक्तात डुकरांच्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्यं आहेत आणि साथीनंतर जन्मलेल्या मुलांत ती नाहीत. १९१८चा विषाणू कोणत्या घराण्यातला होता, याचा हा पहिला धागा. पण तो विषाणू स्वतः कोणाच्याच हाती नव्हता. साथ ओसरली तेव्हा फ्लूचा विषाणू जपून ठेवण्याची विद्याच अस्तित्वात नव्हती.

वॉशिंग्टनच्या ज्या संग्रहाचा उल्लेख वर आला, त्याची सुरुवात १८६२ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात झाली. लष्कराचे मुख्य शल्यचिकित्सक विल्यम हॅमंड यांनी आदेश काढला की रणांगणावरच्या डॉक्टरांनी जखमांचे आणि रोगांचे नमुने जमा करून राजधानीत पाठवावेत. त्यातून आधी लष्करी वैद्यकीय संग्रहालय उभं राहिलं आणि पुढे सशस्त्र दलांची पॅथॉलॉजी संस्था. तिच्याकडे लक्षावधी मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या साठत गेल्या. १९९०च्या दशकात खर्चकपातीच्या चर्चेत या संस्थेचं नाव येऊ लागलं होतं. टाउबेनबर्गर तेव्हा तिथे काम करत होते. त्यांच्या गटाला जुन्या, सडू लागलेल्या ऊतींमधून विषाणूंचे अवशेष काढण्याचा सराव होता; मेलेल्या डॉल्फिनांवर त्यांनी ते काम केलं होतं. १९९५ मध्ये दुसऱ्या एका गटाने रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांच्या जतन केलेल्या डोळ्यांतून डीएनए काढून त्यांच्या रंगांधळेपणाचं कारण शोधल्याचं प्रसिद्ध झालं. डाल्टन १८४४ साली वारले होते. आपल्या संग्रहातूनही असं काही शोधता येईल का, हा प्रश्न टाउबेनबर्गर यांना पडला आणि उत्तर म्हणून १९१८ समोर आलं.

काम अवघड होतं. फ्लूच्या विषाणूचं जनुकीय द्रव्य म्हणजे आरएनए, आणि आरएनए फार नाजूक असतं. फॉर्मॅलिन आणि मेण यांत ऐंशी वर्षं राहिल्यावर त्याचे बारीक बारीक तुकडे झालेले होते. विषाणूच्या आठ जनुकखंडांत मिळून तेरा हजारांहून अधिक अक्षरं असतात, आणि हाती येणारा तुकडा जास्तीत जास्त शे-दीडशे अक्षरांचा. वाळवीने खाल्लेली पोथी चिटोऱ्या जुळवून वाचावी, तसं ते काम होतं. फरक इतकाच की यातली चिटोरी डोळ्यांना दिसत नव्हती. प्रत्येक तुकड्याच्या आधी असंख्य प्रती काढाव्या लागत. त्यासाठी वापरलेलं तंत्र कोविडच्या दिवसांत आपल्या घराघरांत पोचलं. आरटीपीसीआर चाचणी ती हीच. आरएनएचा डीएनए करायचा, त्याच्या प्रती वाढवायच्या आणि मग वाचायच्या. १९१८च्या साथीत वारलेल्या एकूण ७८ जणांचे नमुने या गटाने तपासले. विषाणूचे अवशेष मिळाले ते दोघांत. त्यांतला एक कॅम्प जॅक्सनचा शिपाई, दुसरा न्यूयॉर्कजवळच्या छावणीतला.

दोन नखाएवढ्या तुकड्यांवर पूर्ण रचना वाचणं शक्य नव्हतं. प्रत्येक प्रयोगात थोडी ऊती खर्च होत होती आणि साठा संपत आला होता. अशा वेळी सॅन फ्रान्सिस्कोहून एक पत्र आलं.

पत्र पाठवणारे योहान हुल्टिन ७२ वर्षांचे निवृत्त पॅथॉलॉजिस्ट होते. मूळचे स्वीडनचे. १९५१ मध्ये ते आयोवा विद्यापीठात शिकत होते. १९१८चा विषाणू शोधायचा तर उत्तर ध्रुवाकडे, कायम गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या मृतांत शोधावा लागेल, हे वाक्य एका पाहुण्या शास्त्रज्ञाच्या तोंडून त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. जुन्या नोंदी धुंडाळत ते अलास्काच्या किनाऱ्यावरच्या ब्रेव्हिग मिशन या इनुइट वस्तीपर्यंत पोचले. नोव्हेंबर १९१८ मध्ये तिथल्या ८० प्रौढ माणसांपैकी ७२ जण पाच दिवसांत वारले होते. सगळ्यांना एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं होतं आणि वर क्रूस रोवले होते. हुल्टिन यांनी वाचलेल्या माणसांची परवानगी मागितली. शेकोट्या पेटवून जमीन वितळवत खणलं. फुप्फुसांचे नमुने घेऊन ते लहान विमानाने परतले. वाटेत नमुने वितळू नयेत म्हणून आग विझवण्याच्या नळकांड्यांतल्या कार्बन डायऑक्साइडने ते पुन्हा पुन्हा गोठवत राहिले. आयोवात कोंबडीच्या अंड्यांत आणि फेरेटमध्ये विषाणू वाढवायचे प्रयत्न झाले. काहीही वाढलं नाही. विषाणू मेलेला होता. आज असा प्रयोग साध्या प्रयोगशाळेत करायला कोणी धजावणार नाही. विषाणू जिवंत निघाला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

हुल्टिन यांनी तो विषय सोडला, पण विसरले नाहीत. १९९७ मध्ये ‘सायन्स’मधला निबंध वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की आता विषाणू जिवंत असण्याची गरजच उरलेली नाही, मेलेल्या विषाणूचे तुकडेही पुरेसे आहेत. टाउबेनबर्गर यांचा होकार आल्यावर काही दिवसांतच ते स्वखर्चाने अलास्काला निघाले. सोबत कुदळी-फावडी आणि बायकोची बागकामाची कात्री. या वेळीही त्यांनी आधी गावाच्या पंचमंडळाची परवानगी घेतली. गावातल्या काही तरुणांनी खणायला मदत केली. सुमारे दोन मीटर खोलीवर एका स्थूल बाईचा देह मिळाला. आजूबाजूच्या मृतांचे सांगाडे उरले होते, पण हिच्या अंगावरच्या चरबीने आतले अवयव जपले होते. हुल्टिन यांनी तिच्या फुप्फुसांचे नमुने घेतले आणि खड्डा होता तसा बुजवला. १९५१ मध्ये पाहिलेले जुने क्रूस आता नाहीसे झाले होते, म्हणून गावच्या शाळेतल्या सुतारकामाच्या खोलीत दोन मोठे लाकडी क्रूस बनवून त्यांनी ते तिथे उभे केले. नमुने एकाच पेटीतून पाठवले तर हरवण्याची भीती होती, म्हणून वेगवेगळ्या पार्सलांतून पाठवले. त्या फुप्फुसांत विषाणूचे अवशेष होते. शिपायांच्या तुकड्यांत जे पुरलं नव्हतं ते इथे पुरलं.

पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर एक मोठी मोहीम निघाली. बरीच शास्त्रज्ञ मंडळी, आधुनिक यंत्रं, मोठा खर्च. मृतांच्या पेट्या वितळत-गोठत राहणाऱ्या वरच्या थरातच निघाल्या आणि फारसं काही हाती आलं नाही. हुल्टिन यांचं यश नशिबाचंही होतं हे खरंच. पण गावकऱ्यांना विचारून, त्यांच्या मृतांचा मान राखून, कमीत कमी उकरून काम करण्याची त्यांची पद्धत मला त्यांच्या शोधाइतकीच मोलाची वाटते. ते २०२२ मध्ये, ९७व्या वर्षी वारले.

जनुकं एकामागून एक वाचली गेली. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचं जनुक १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. याच प्रथिनाच्या आधाराने विषाणू आपल्या पेशीला चिकटतो. ऑक्टोबर २००५ मध्ये शेवटची तीन जनुकं ‘नेचर’मध्ये आली आणि रचना पूर्ण झाली. हा विषाणू पक्ष्यांतल्या फ्लूच्या विषाणूंच्या बराच जवळचा निघाला. तो माणसांत नेमका कुठून आणि कोणत्या मार्गाने आला, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

त्याच आठवड्यात ‘सायन्स’मध्ये दुसरा निबंध आला, आणि त्याने वादळ उठलं. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात टेरेन्स टंपी यांनी ही कागदावरची रचना वापरून १९१८चा विषाणू प्रत्यक्ष पुन्हा घडवला होता. कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत, इतर कोणी नसताना, ते एकटेच हे काम करत आणि खबरदारी म्हणून फ्लूविरोधी औषध घेत. हा विषाणू दिलेले उंदीर तीन दिवसांत मरू लागले. चौथ्या दिवशी त्यांच्या फुप्फुसांत साध्या फ्लूच्या विषाणूच्या तुलनेत ३९,००० पट विषाणू होते. हिमॅग्लुटिनिनचं जनुक बदलून साध्या फ्लूचं बसवलं, तर मात्र उंदीर वाचले. जीवघेणेपणात या एका जनुकाचा वाटा किती मोठा होता, हे त्यावरून कळलं.

असा विषाणू पुन्हा जिवंत करावा का, आणि त्याची कृती जगजाहीर करावी का? अमेरिकन सरकारच्या सल्लागार मंडळाने प्रसिद्धीच्या बाजूने कौल दिला, पण अनेक शास्त्रज्ञांना ते बेजबाबदार वाटलं. रचना प्रसिद्ध झाली ते बरंच झालं, असं माझं मत आहे. त्यामुळे २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा नवा विषाणू आला तेव्हा त्याची तुलना कशाशी करायची हे जगभरच्या प्रयोगशाळांना माहीत होतं. विषाणू पुन्हा घडवण्याबद्दल मात्र मी इतक्या खात्रीने बोलू शकत नाही. चूक झाली असती तर तिची किंमत त्या प्रयोगशाळेपुरती राहिली नसती.

आता डाव्या फुप्फुसाकडे येऊ.

टाउबेनबर्गर, डेव्हिड मॉरेन्स आणि अँथनी फाउची यांचा शोधनिबंध २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लष्करी संग्रहातले १९१८-१९च्या साथीत वारलेल्या ५८ जणांच्या फुप्फुसांचे नमुने नव्याने कापून तपासले. शिवाय त्या काळात जगभर छापलेले शवविच्छेदनांचे १०९ अहवाल गोळा केले. त्यांत ८,३९८ शवविच्छेदनांची माहिती होती. निष्कर्ष स्पष्ट होता. बहुसंख्य मृत्यू विषाणूने एकट्याने घडवले नव्हते. विषाणूने श्वसनमार्गाचं आतलं अस्तर सोलून काढलं. या अस्तराच्या पेशींना केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि ते घाण, कफ, जंतू सतत वर ढकलत राहतात. अस्तर गेलं की ही झाडलोट थांबते. मग न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस यांसारखे जीवाणू, जे एरवी आपल्या नाका-घशात निमूट राहतात, ते खाली फुप्फुसांत उतरतात. अस्तर पुन्हा भरून यायला दिवस लागतात आणि न्यूमोनिया तेवढा वेळ देत नाही. कॅम्प जॅक्सनच्या शिपायाचं असंच झालं. विषाणू विरून जात होता, अस्तर सावरायला लागलं असतं, तेवढ्यात डावं फुप्फुस जीवाणूंनी भरलं.

आजारी पडून दोन-तीन दिवसांत निळे पडून मेलेलेही होते. त्यांच्या बाबतीत विषाणूच थेट मारक ठरला असावा. वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं इतकी का मेली, हे कोडंही पूर्ण सुटलेलं नाही. पण बहुतेकांच्या मृत्यूचा मार्ग न्यूमोनियातून गेला, हे या निबंधाने पक्कं केलं. १९३१ मध्ये शोप यांनी डुकरांत नेमकं हेच पाहिलं होतं. फायफरच्या जीवाणूमागे लागलेले १९१८चे डॉक्टर मूळ कारणाबाबत चुकले होते; पण जीवाणूंना महत्त्व देण्यात ते सर्वस्वी चुकीचे नव्हते.

हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचं का, ते मुंबईच्या त्या वेळच्या आकड्यांत दिसतं. महापालिकेचे आरोग्याधिकारी जे. ए. टर्नर यांच्या काळातल्या नोंदींनुसार, साथीत शहरातल्या युरोपीयांमध्ये दर हजारी ८.३ मृत्यू झाले, पारशांमध्ये ९ आणि मुसलमानांमध्ये १९.२. सरकारी अहवाल ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हणतो त्या माणसांमध्ये दर हजारी ६१.६. युरोपीयांच्या सातपटीहून अधिक. विषाणू सगळ्यांच्या घरात एकच शिरला होता. मलबार हिलच्या बंगल्यात शिरला आणि गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीतही शिरला. पण आजार विषाणूवर थांबणार की न्यूमोनियापर्यंत जाणार, हे खोलीत किती माणसं कोंबून राहतात, अंगात किती ताकद आहे, आजारी माणसाला अंथरुणात पडून राहता येतं की दुसऱ्या दिवशी पाळीवर जावं लागतं, कोणी पेज आणि पाणी द्यायला आहे का, यावर बरंच ठरत होतं. देशभरात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या, त्यामागेही हेच असावं. घरातल्या आजाऱ्यांची सेवा त्याच करत होत्या आणि त्यांच्या वाट्याला अन्न शेवटी येत होतं. प्रतिजैविकं तेव्हा नव्हती. पेनिसिलिनचा शोधच १९२८चा. पण अन्न, विसावा आणि शुश्रूषा ही औषधं होती, आणि ती सारखी वाटली गेली नव्हती. पावसाने आणि महागाईने आधीच उपाशी ठेवलेल्या प्रदेशात मानमोडी आली, म्हणून ती इतकी नेऊ शकली.

१९१८ची साथ म्हटलं की एका अद्वितीय, राक्षसी विषाणूचं चित्र डोळ्यांसमोर येतं. उंदरांवरच्या प्रयोगांनी ते आणखी ठसवलं. पण सगळा दोष विषाणूवर टाकला की माणसं ज्या परिस्थितीत मेली तिचा विचार मागे पडतो. २००८च्या निबंधाने तो विचार शास्त्रीय पुराव्यासह पुढे आणला, म्हणून मला तो मोठा वाटतो.

हा निष्कर्ष सरसकट दुसऱ्या रोगांना लावता येत नाही, हेही सांगायला हवं. कोविडमध्ये, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, जीवाणूंचा जोडसंसर्ग तुलनेने थोड्या रुग्णांत होता, तरीही प्रतिजैविकं भरमसाट दिली गेली. १९१८चं शहाणपण तपासून न पाहता वापरलं तर त्याचा असा अपाय होतो. फ्लूच्या बाबतीत मात्र ते आजही लागू आहे. म्हणूनच वयस्कर माणसांना फ्लूच्या लशीसोबत न्यूमोकोकसची लसही घ्यायला सांगितलं जातं.

तो विषाणू नाहीसा झालेला नाही. २००६ मध्ये टाउबेनबर्गर आणि मॉरेन्स यांनी दाखवून दिलं की त्यानंतर माणसांत आलेल्या फ्लू-ए विषाणूंपैकी जवळजवळ सगळे १९१८च्या विषाणूचे वंशज आहेत. १९५७ आणि १९६८च्या साथींतल्या विषाणूंनी पक्ष्यांतून काही नवी जनुकं घेतली, पण बाकीची जुनीच होती. डुकरांत गेलेली १९१८ची शाखा तिथे टिकून राहिली आणि २००९ मध्ये इतर जनुकांशी मिसळून पुन्हा माणसांत आली. तिला आपण स्वाइन फ्लू म्हटलं. भारतातला तिचा पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात गेला, एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा बंद झाल्या, नायडू इस्पितळासमोर रांगा लागल्या, मास्कचे भाव चढले. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुन्यांचे ढीग आले. जगभर एक गोष्ट लक्षात आली, की म्हातारी माणसं त्या साथीत तुलनेने बचावली. २००९च्या विषाणूचं हिमॅग्लुटिनिन १९१८च्या विषाणूशी इतकं मिळतंजुळतं होतं की एकाची लस दिलेले उंदीर दुसऱ्यापासून वाचत. लहानपणी १९१८च्या वंशजांशी गाठ पडलेल्यांच्या शरीराला त्याची ओळख होती. ही ओळख किती टिकते, तेही २००८ मध्ये दिसलं होतं. १९१५ मध्ये किंवा त्यापूर्वी जन्मलेल्या ३२ जणांच्या रक्तात, जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही, १९१८च्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं मिळाली.

या सगळ्या कामाच्या मुळाशी एक साधी सवय आहे. नमुना ठेवायचा, त्यावर नाव-तारीख लिहायची आणि नोंद करायची. ज्या डॉक्टराने १९१८ मध्ये त्या शिपायाची फुप्फुसं मेणात बसवायला पाठवली, त्याला फ्लू विषाणूमुळे होतो हे माहीत नव्हतं. आपल्याकडे त्या साथीचे असे नमुने जरी नसले, तरी कागद आहेत. नगरपालिकांची जन्ममृत्यूची रजिस्टरं, तालुका कचेऱ्यांतली दप्तरं, मिशन इस्पितळांच्या वह्या, संस्थानांचे कागद, घराघरांतल्या वंशावळी, पत्रं, रोजनिश्या. मानमोडीत आपल्या जिल्ह्यात कोण मेलं, कोणत्या आळीत जास्त, कोणत्या कामाची माणसं जास्त, हे त्यांतूनच कळेल, आणि टर्नर यांच्या मुंबईच्या आकड्यांना बाकीच्या महाराष्ट्राची जोड मिळेल. जुनी इमारत पाडताना, कार्यालय हलवताना, घर विकताना हे कागद रद्दीत जातात. तुमच्या घरी किंवा कचेरीत १९१८-१९चा असा एखादा कागद असेल, तर तो रद्दीत घालू नका. निदान त्याची छायाचित्रं काढा, आणि शक्य असेल तर राज्य पुराभिलेख संचालनालयाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे तो सोपवा.